पाय काढायचा दिवस

देवकाबाई नवऱ्याच्या प्लास्टर घातलेल्या पायावर आडवी झाली आणि दोन्ही हातांनी तिनं लोखंडी खाटेची पट्टी घट्ट धरली. दारात कंपाउंडर बिसराम आरी घेऊन उभा होता.

"यायच्या पायाले हात नोको लावजा," ती म्हणाली. "आधी माहा हात काटा, मंग यायचा पाय!"

"बाई, उठ. डॉक्टरसाहेब येऊन राहिले."

"येऊ दे. त्यायलेही हेच सांगीन."

खाटेवरच्या दुधरामनं तोंड भिंतीकडे केलं. गोरेगावकडच्या त्यांच्या गावात तलावाची पाळ दुरुस्त करताना दगड घरंगळला होता आणि त्याच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. बैलगाडीतून गोंदियाच्या दवाखान्यात आणेपर्यंत जखमेत चिखलमाती जाऊन बसली. डॉक्टर वझलवार नुकतेच लढाईवरून परतले होते. त्यांनी खराब मांस चांगलं रक्त दिसेपर्यंत कापून काढलं, बादल्या भरभरून पाण्यानं जखम धुतली आणि हाड जागेवर बसवलं. जखम मात्र शिवली नाही. तिच्यात व्हॅसलिनची पट्टी भरून वर थेट मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं. "वास येईल, येऊ द्या," ते म्हणाले होते. "ताप चढला नाही तर मी सांगेपर्यंत कुणी उघडायचं नाही."

ताप चढला नाही, पण वास आला, आणि कसला आला! शेजारच्या रोग्यांनी आपल्या खाटा व्हरांड्यात ओढून नेल्या. दुधरामचा सख्खा भाऊ उदाराम भेटायला आला तो उपरणं नाकाला लावून, आणि दारातूनच खुशाली विचारून परत गेला. असा वास मेल्या ढोराला येतो, हे देवकाबाईला कुणी सांगायला नको होतं.

"पाळ फुटली का कच्ची माती सारी काढा लागते, मंगच नवी भरता येते," दुधराम तिची समजूत घालायचा. "डॉक्टरनं तसंच केलं."

तिला ते पटायचं. मग वाऱ्याची झुळूक यायची आणि पटलेलं सगळं उडून जायचं.

त्यात काल नळावर तिनं बिसरामला दवाखान्यातल्या बाईशी बोलताना ऐकलं. "उद्या दुधरामचा पाय काढाचा आहे," तो म्हणत होता. "आरी काढून ठेव."

हे ती नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार? दुधराम कोहळी होता. तलाव बांधणं आणि राखणं हे त्याच्या घराण्याचं काम, आणि एका पायानं पाळीवर चढता येत नाही. घरात बसवून ठेवला तर हा माणूस वर्षभरात झिजून मरेल, असं तिला वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

डॉक्टर आत आले. खाटेवरचा प्रकार पाहून ते थबकले.

"बाई पाय काढू देऊन नाई राहिल्या, साहेब," बिसराम म्हणाला.

डॉक्टरांच्या ध्यानात आलं. "अहो बाई, पाय प्लास्टरातून काढायचा आहे. ही प्लास्टर कापायची आरी."

देवकाबाई उठून बसली आणि बिसरामवर कडाडली. "मंग तसं बोलाले काय झालं होतं तुले? कालपासून जीव टांगणीले लागला ना माहा!"

बिसराम बिचाऱ्यानं आरी डॉक्टरांच्या पुढे केली.

प्लास्टर डॉक्टरांनी स्वतःच कापलं. पांढरी भुकटी चादरीवर सांडत राहिली. कवच दुभंगलं तसा वास असा उसळला की बिसरामही मागे सरला. डॉक्टरांनी चिमट्यानं आतली पट्टी उचलली आणि ओल्या कापसानं जखम पुसून घेतली. बघायचं नाही असं देवकाबाईनं ठरवलं होतं, पण तिनं पाहिलंच.

काळं काहीच नव्हतं. जखमेचा खड्डा लालभडक, ओल्या, दाणेदार मांसानं भरत आला होता. हाड कुठे दिसत नव्हतं.

"दुधराम, अंगठा हलवा."

अंगठा हलला. मग कुणी न सांगताही हलला.

"हालते का?" दुधरामनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"हालते! पाहा ना इकडं!" तिनं त्याच्या खांद्यावर एक चापट ठेवून दिली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

डॉक्टर स्टुलावर बसले. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. "हाड जुळतंय," ते म्हणाले. "आता नवं प्लास्टर घालू. पाळीवर चढाल तुम्ही."

बिसराम पाणी आणायला गेला. डॉक्टरांनी खाटेच्या कडेला झाकून ठेवलेला ट्रे देवकाबाईनं बाजूला घ्यायला उचलला, तसं त्यावरचं कापड सरकलं. खाली आणखी एक आरी होती, मोठी, जाड पाठीची, आणि तिच्याजवळ लांब सुरे मांडलेले. प्लास्टरची आरी तर डॉक्टरांच्या पायाशी पांढरी होऊन पडली होती. या आरीवर भुकटीचा कणही नव्हता.

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

"असं प्लास्टर लढाईत दुसऱ्या डॉक्टरांना घालताना पाहिलं होतं, बाई," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातानं हे पहिलंच."

"काय आहे त्याच्यात?" दुधरामनं मान वळवून विचारलं.

देवकाबाईनं कापड पुन्हा ओढलं आणि चारही कोपरे नीट खाली खोचले.

"काई नाई," ती म्हणाली. "नाई लागलं ते सामान होय."