मांजरीने प्यायलेलं तेल

बेटावरचं सभागृह खच्चून भरलं होतं. वॅफलचा खमंग वास सुटलेला, पण तिकडे कुणाचं लक्ष असेल तर शपथ! सगळ्यांच्या माना पडद्याकडे. पडद्यावर तोरुनचं रक्त मोठं करून दाखवलं होतं, आणि त्यातल्या लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

"झोपलंय रक्त!" सूक्ष्मदर्शक घेऊन आलेले वैदू आर्वेबुवा कळवळले. "घ्या एक चमचा माझं कॉड माशाच्या यकृताचं तेल. यकृताला यकृतच तारतं!"

लहानपणापासून हेच तेल प्यायलेली माणसं ती; पटायला कितीसा वेळ लागणार? तोरुनने तेल घेतलं, रक्ताचा दुसरा थेंब दिला, आणि पेशी सुट्या होऊन मजेत पोहू लागल्या. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

तिची थोरली बहीण हेर्दिस, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, तेवढी हाताची घडी घालून बसली होती. तोरुनला यकृताचा जुना आजार होता. शरीराची प्रतिकारशक्ती शत्रूला सोडून स्वतःच्याच यकृतावर तुटून पडते, तो आजार. गोळ्यांनी तो आटोक्यात होता. बुवांच्या नादाने तिने गोळ्या सोडल्या, आणि परवाच इस्पितळातून फोन आला: रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे त्या प्रतिकारशक्तीची हत्यारं, पुन्हा वाढली आहेत, लगेच या.

"अगं ताई, वाढली म्हणजे चांगलंच की! बुवा म्हणतात, माझी शक्ती जागी झाली."

"जागी कसली, चवताळलीय! आणि लचके तोडतेय तुझ्याच यकृताचे."

"तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही."

हे मात्र हेर्दिसला फार लागलं. ती तडक पुढे गेली. "बुवा, माझंही बघा."

तिच्याही पेशी चिकटलेल्याच निघाल्या. "अरेरे, बाई, तुमचं तर घोरतंय!" म्हणत बुवांनी चमचा पुढे केला. हेर्दिस तो घेऊन खिडकीशी गेली. तिथे सभागृहाची लठ्ठ मांजर ऊन खात बसली होती. रिकामा चमचा घेऊन ती परतली. दुसऱ्या थेंबात पेशी सुट्या!

"बघा चमत्कार!" बुवा गरजले.

"खराच हो. तेल प्यायली मांजर, रक्त सुधारलं माझं."

सभागृह खदखदून हसलं. मांजर अजून मिशा चाटत होती.

"श्रद्धा असली की नुसत्या वासानेही..."

"असं?" हेर्दिसने सूक्ष्मदर्शकाशेजारची बाटली उचलली. "मग दुसऱ्या खेपेला काचेवर आधी या बाटलीतलं काय टाकता?"

"काच... काच ओली करायचं पाणी."

हेर्दिसने बोट बुडवून चाटलं. "खारट आहे! तोरुन, तू तर तेल घेतलंयस ना? ये. या वेळी पाणी नको."

पडद्यावर पुन्हा त्याच चळती.

"दाट थेंबात कुणाच्याही पेशी अशा चिकटतात. प्रतिपिंडं वाढली की जास्तच. मिठाच्या पाण्याने सुटतात, एवढाच बुवांचा चमत्कार."

बुवा सूक्ष्मदर्शक गुंडाळू लागले. तोरुनचा चेहरा उतरला होता. "ताई, मग तो इस्पितळातला आकडा?"

"तो तुझ्या ताकदीचा नाही गं, आत लागलेल्या आगीचा आहे. गोळ्या ती आग दाबून ठेवत होत्या." हेर्दिसने तिचा हात धरला. "भीती वाटते मला. एकुलती एक बहीण आहेस तू."

तोरुनने तिथेच इस्पितळाला फोन लावला. "डॉक्टर, गोळ्या मी सोडल्या होत्या. चूक झाली. आज दुपारच्या बोटीने येते."

हेर्दिस लोकांकडे वळली. "रक्तातलं काही वाढलं म्हणून कुणी पेढे वाटायला लागला, तर आधी एवढंच विचारा: काय वाढलं, आणि कुणाच्या जिवावर?"