भोरड्या आणि निळी काच

दोंडाईच्याच्या त्या मंगल कार्यालयाला आरशासारखी निळी काच जब्बारनेच बसवली होती. समोरचा वड तिच्यात फांदीसकट दिसायचा. लोक पुढ्यात उभं राहून फोटो काढत, तेव्हा जब्बारला बरं वाटे.

थंडीत भोरड्यांचे थवे आले. ज्वारीवरून उठून ते वडावर उतरत. मग एका सकाळी तिथं झाडलोट करणाऱ्या कमलबाईचा फोन आला. "जब्बारभाऊ, तुम्ही बसाडेल काचवर पाखरं आपटी ऱ्हायनात. आज नऊ पडनात. बठ्ठा मरी ग्यात."

पाखरांना काच दिसतच नव्हती. त्यांना वड दिसत होता.

जब्बारने ससाण्याचं चित्र चिकटवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला लागूनच रक्ताचा डाग होता. मग तो मालकांकडे, योगेंद्रभाऊंकडे गेला. "बाहेरून दोन-दोन इंचांवर पांढरे ठिपके मारावे लागतील. पूर्ण काचेवर."

"काचेला देवी आल्या म्हणतील लोक," भाऊ म्हणाले. "रविवारी लग्न आहे. हात लावू नकोस."

घरी त्याने भरलं ताट बाजूला सारलं. "तुम्ही काय मुद्दाम मारल्या?" त्याची बायको मुमताज म्हणाली.

"मुद्दाम नाही. पण काच माझीच ना."

गुरुवारी फटफटायच्या आत कमलबाईने फाटक उघडलं. जब्बारने गच्चीवरून दोराचा झुला सोडला आणि ठिपके मारत खाली येऊ लागला. हात भरून आले, बोटं गारठली. ऊन पडलं तेव्हा जेमतेम अर्धी काच झाली होती.

आणि थवा आला. ठिपक्यांपाशी येताच तो खाली वळला, थेट उरलेल्या कोऱ्या काचेकडे. जब्बार हात हलवत ओरडला. त्याच्या पायांखाली धप धप आवाज होत राहिले. त्याने ब्रश टाकला, दोन्ही पंजे रंगात बुडवले आणि खाली वाकून, पुरतील तिथवर, काचेवर थापत सुटला.

"जब्बार, खाली ये." योगेंद्रभाऊ गाडीतून उतरले होते.

"थोडी राहिलीय, भाऊ. तेवढी करू द्या. पुन्हा मला काम नाही दिलं तरी चालेल."

भाऊंच्या बुटापाशी एक भोरडी फडफडत होती. कमलबाईने ती उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवली. तिची मान एका बाजूला कलली होती.

"जगेल का?"

"न्हई," कमलबाई म्हणाली.

भोरडीची फडफड थांबेपर्यंत भाऊ तसेच उभे होते. मग त्यांनी ती वडाच्या बुंध्याशी ठेवली आणि रुमालाने हात पुसले.

"शनिवारपर्यंत राहू देत ठिपके," वर न बघता ते म्हणाले. "लग्नाआधी धुवावेच लागतील."

म्हणजे दोन दिवस. पुढचं विचारायची जब्बारची हिंमत झाली नाही. त्याने दोर सैल केला, हातभर खाली सरकला आणि कमलबाईला ब्रश वर फेकायला सांगितलं.