चार नमुने

भिमाबाईंनी चष्मा लावला, कॉलेजच्या प्रकल्पाचा फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून सावकाश सही केली. मग वरचं नाव वाचलं.

"तेजल फडके. म्हणजे विहारातला तक्ता तूच लिहिलास. अक्षर छान आहे हो."

तेजल हसली. मोरिवलीच्या विहारात तो तक्ता तीन आठवड्यांपासून लागला होता. 'आपली विहीर : चार नमुने', आणि तळाशी हिरव्या स्केचपेनने 'पाणी पिण्यास योग्य'. पर्यावरणाच्या गटप्रकल्पाला वीस गुण होते. पहिला नमुना पलीकडच्या केमिकल कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी घ्यायचा आणि उरलेले तीन कंपन्या चालू असताना, म्हणजे फरक कळेल, ही कल्पना तिचीच. पहिला खरोखर घेतला. मग परीक्षा जवळ आली.

"अगं, पीएच सात पॉइंट दोन आलंय ना? मग तेच जरा इकडेतिकडे कर," गटातला अभिजीत कॅन्टीनमध्ये म्हणाला होता. "टेन्शन कायको लेती है? कोण बघायला जातंय?"

दशांशानंतरचा अंक बदलून तिने तीन ओळी भरल्या. आकडे अगदी सारखे दिसू नयेत याचीही काळजी घेतली.

"वास यायचा, म्हणून बंदच होती विहीर," भिमाबाई सांगत होत्या. "तुमचा कागद लागला आणि आम्ही गाळ काढला. पंधरा दिवस झाले, तेच पितोय. फक्त आमची सून ऐकत नाही. पोर तान्हं आहे म्हणते आणि नाक्यावरच्या नळावरनं पाणी वाहते. कागदावर काय पण लिहितात, म्हणे."

"लिहितातच की," सून शीला दारातून म्हणाली. रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती चपला घालत होती.

भिमाबाईंनी आतून स्टीलचा ग्लास भरून आणला.

"उन्हातनं आलीस. घे."

"नको मावशी. आत्ताच प्यायले."

"दोन घोट घे."

"खरंच नको."

भिमाबाईंचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. त्यांनी फॉर्मवरच्या नावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आधी सांगायचंस. दुकानातली बाटली मागवली असती."

तेजलला अर्थ लागायला क्षण गेला, आणि लागला तशा कानाच्या पाळ्या तापल्या. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिला तिकडे बघवेना.

"तसं नाही हो, मावशी."

"मग कसं?"

कसं ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने भिमाबाईंच्या हातातून ग्लास ओढून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

भिमाबाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"चुकलं माझं, पोरी. लहानपणापासनं हेच बघितलंय, म्हणून मनात आलं." मग त्या दाराकडे वळल्या. "शीले, नाक्यावर जाऊ नकोस. बघितलंस ना? जिनं तपासलं तीच प्यायली. आता तरी पटलं?"

शीला तेजलकडे बघत राहिली. मग कळशी घेऊन अंगणापलीकडच्या विहिरीकडे गेली. दोर कप्पीवरून सुटू लागला.

"शीलाताई, थांबा."

तेजल उंबऱ्यापर्यंत आली होती. फॉर्म हातात चुरगळला होता.

"आम्ही एकदाच तपासलं. कंपन्या बंद होत्या त्या दिवशी. बाकीचे तीन आकडे मी घरी बसून लिहिले."

कप्पीचा आवाज थांबला. शीलाने दोर हातातच धरला होता. भिमाबाईंनी रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"मग आत्ता तू प्यायलीस कशाला?"