देवाच्या ताटातली गोळी

"देवाला वाहिलेल्या परडीतली उदबत्ती जळत होती की विझली होती, तेवढं सांग," वस्तीचे प्रमुख, सगळ्यांचे 'जेरो', मादे सुगात्रा म्हणाले.

कोमांगने मान खाली घातली. "जळत होती, जेरो. पण भरती चढत होती. परडी गेली असती तर तिच्यातलं प्लास्टिकपण समुद्रात गेलं असतं. म्हणून उचलली."

"म्हणजे देव जेवायला बसला आणि तू पुढचं ताट ओढलंस."

सभेच्या मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. केतुत रास्मिनी लेकीच्या, कोमांगच्या, मागेच बसली होती. सोळा वर्षांची पोर, तिच्या सात-आठ मैत्रिणी, दर रविवारी पोती घेऊन किनाऱ्यावरचा कचरा वेचायच्या. परवा पौर्णिमेच्या पूजेत ही चूक झाली. आता बारा दिवसांवर मेलास्ती, देवांना समुद्रावर न्यायचा दिवस. त्या दिवशी अख्ख्या गावाच्या परड्या पाण्याकाठी असतात. आणि नेमकं त्याच दिवशी या मुलींनी किनाऱ्यावर फिरकायचं नाही, असं सुगात्रांचं म्हणणं होतं.

पोरीची मान बघूनच रास्मिनीला कळलं, ही आता रडणार.

"जेरो, मी बोलू?"

बाजारात परड्या विकताना जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, ती बाई मंडपात मात्र कधी बोललीच नव्हती.

"बोल की, केतुत."

"ती परडी माझ्या हातची होती. देवाला गोड म्हणून आई ताडगुळाचा खडा ठेवायची. मी वेष्टनातली गोळी ठेवते, मुंग्या लागत नाहीत म्हणून. पानं टाचायला बांबूच्या काड्या कोण तासत बसणार, म्हणून स्टेपलरच्या पिना. रोज दोनशे परड्या, बारा वर्षं. पोरीनं ताट एकदा ओढलं. मी त्यात रोज कचरा वाढतेय. बंदी घालायची तर आधी मला घाला."

"मी तर बिस्किटांचा पुडाच ठेवते," मागून एक म्हातारी पुटपुटली. "न फोडता."

"देवाला दात आहेत गं, कात्री नाही," दुसरी म्हणाली, आणि सुगात्रांनाही हसू आवरेना.

"बरं," ते म्हणाले. "यंदा परडीत प्लास्टिक नको, पिनाही नकोत. आणि पोरींनो, उदबत्ती विझेपर्यंत हात लावायचा नाही. समुद्रानं नेलं तर नेलं."

"चालेल, जेरो."

मग रोज शाळा सुटली की मुली रास्मिनीच्या ओसरीवर बांबू तासायला बसू लागल्या. काड्या कधी जाड व्हायच्या, कधी मोडायच्या.

"मेमे, तुझी बोटं बघ किती टोचलीत," कोमांग आईला म्हणाली.

"माझ्या आईची अश्शीच असायची," रास्मिनी म्हणाली, आणि कितीतरी वेळ स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली. आईचे हात कसे होते हे ती विसरूनच गेली होती.

मेलास्तीच्या दुपारी मुली पोती मांडीखाली घेऊन वाळूत बसल्या. रास्मिनीची परडी सगळ्यात पुढे होती. उदबत्ती अर्धीही जळली नव्हती तोच लाट आली आणि परडी घेऊन गेली.

कोमांग सवयीने उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. पान, फुलं, चिमूटभर भात, गुळाचा खडा. मागे धावावं असं त्यात काहीच नव्हतं.

ती येऊन आईला टेकून बसली. मंत्र सुरू झाले तसे सगळ्यांचे हात देवांकडे जोडले गेले. रास्मिनीनेही जोडले. फक्त ती जराशी वळून, लेकीकडे तोंड करून बसली होती.