सावलीकडे धावणारे मासे

थोरलीचा त्या माशांवर भारी जीव. बोटभर लांबीचे, अंगावर तांबडी रेघ असलेले हे मासे रानातल्या त्या एकाच ओढ्यात व्हायचे. कुणा आयतोबाने झटपट मासळी मिळावी म्हणून ओढ्यात विष कालवलं आणि सगळं होत्याचं नव्हतं झालं. उरले ते थोरलीच्या परसातल्या हौदात. तिने ते पोटच्या पोरांसारखे सांभाळले.

"माझे कधी एवढे लाड केले नाहीस," नवरा म्हणायचा.

"तुम्ही बोलावल्यावर येता कुठे?"

मासे मात्र यायचे. रोज सकाळी ती हौदावर वाकली, तिची सावली पाण्यावर पडली, की सगळे तोंड वर काढून हजर. त्याचं तिला कोण कौतुक!

ओढा निवळला तेव्हा धाकट्या बहिणीला सोबत घेऊन ती बादल्या भरभरून मासे सोडून आली. सोडताना रडलीही, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा पाहायला गेल्या.

काठावरच्या फांदीवर खंड्या बसला होता. तो उडून पाण्यावर आला, त्याची सावली पडली. ओढ्यात जन्मलेला मासा अशा वेळी दगडाखाली पळतो. हे सगळे वर आले. खंड्याने निवांत एक उचलला. थोड्या वेळाने दुसरा.

"ताई, हे पळत का नाहीत गं?"

थोरली म्हणाली, "मीच शिकवलंय त्यांना. सावली पडली की खायला मिळतं."

धाकटीने खडे मारून पक्ष्याला हाकललं. तो समोरच्या झाडावर जाऊन बसला. त्याला कसली घाई?

"रोज कोण राखण करणार इथे?" धाकटी म्हणाली.

 थोरलीने एक काठी उचलली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि वाकली. मासे आनंदाने तिच्याभोवती जमले. तिने त्यांच्या मधोमध सपकन काठी हाणली.

मासे उधळले. ती पुन्हा वाकली. ते पुन्हा आले, जरा कमी. तिने पुन्हा हाणली. एक जण पांढरं पोट वर करून वाहत गेला.

"बस कर ताई, मरतायत ते."

"मला घाबरले तरच जगतील."

मग बराच वेळ पाणी मोकळं राहिलं. थोरलीला वाटलं, सुटले एकदाचे. तेवढ्यात दगडाआडून एक बारकासा मासा निघाला आणि थेट तिच्या सावलीत येऊन तोंड उघडून थांबला.

तिने डोळे पुसले आणि काठी उचलली.