पुसलेल्या नळ्या

"नाक लावू नकोस आत्या, विष आहे ते!"

आत्याने मान मागे घेतली. "विष कसलं? आपल्याच डोंगरावरची रानथाईम ना ती? जन्मभर काढा करून प्यायलेय मी."

"मिथेनॉलमध्ये भिजवलीय ग आता."

टेबलावर दोन नळ्या उभ्या होत्या. दोन्हींत रानटी थाईमचा अर्क. एक गडद पिवळा, दुसरा फिका. पिवळा जितका गडद, तितकी त्यात फ्लॅवोनॉइडं, म्हणजे झाडातली औषधी द्रव्यं, जास्त. एक नळी आत्याच्या डोंगराची, दुसरी हमरस्त्याच्या कडेच्या रोपांची. आणि त्यातली डोंगराची कुठली, तेच चिंगीला सांगता येत नव्हतं.

प्रयोगशाळेत तिला सगळे बाई म्हणत. चिंगी म्हणणारी आत्याच तेवढी उरली होती. आईमागे तिला लहानाची मोठी केली ती आत्यानेच, त्या डोंगरावरच्या दोन खोल्यांत. आता तो डोंगर खाणीसाठी फोडायचा होता. अधिकाऱ्याने एवढीच फट ठेवली होती: तिथली झाडं इतर ठिकाणच्यांपेक्षा खरोखर कसदार आहेत असं मोजून दाखवा, मग बघू. दोनदा तारीख पुढे ढकलून झाली होती. सुनावणी आज दुपारी होती.

आणि आजच माती खाल्ली! इतकी वर्षं नळीला चिकटपट्टी लावून पेन्सिलीनेच लिहिणारी बाई, काल घाईत पेन्सिल सापडेना म्हणून मार्करने थेट काचेवर लिहून मोकळी झाली. सकाळी मिथेनॉलने ओल्या झालेल्या हातमोज्यांनी नळ्या उचलल्या, आणि दोन्ही नावं हातमोज्यांवर उतरली. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी ती जे करू नका म्हणून बजावायची, नेमकं तेच. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. फुलांची भुकटी सगळी अर्कात गेलेली. नवी फुलं खुडून सावलीत वाळवायची म्हणजे आठवडा हवा.

"एवढं काय त्यात?" आत्या म्हणाली. "हा गडद आपला."

"वासावरून सांगतेस?"

"वास कुठला! नुसता स्पिरिटचा भपका येतोय." आत्या खुर्चीत टेकली. "पण दुसरा कुणाचा असणार? रस्त्याच्या धुळीत वाढलेल्या झाडाला काय कस?"

"उलटंही असतं. ज्या रोपाने जास्त सोसलं, त्यातच कधीकधी जास्त निघतं."

"मग मी काय कमी सोसलंय?" आत्या हसली. "लिही ना ग चिंगे. कोण बघायला येतंय?"

कोणीच येणार नव्हतं. साहेब रजेवर, सही हिचीच. तिने दोन्ही नळ्या यंत्रात पुन्हा मोजल्या. आकडे तेच, गडदचा फिक्याच्या दुप्पट. तिने पेन उचललं. एक शब्द लिहायचा, डोंगर वाचेल. आणि तो शब्द खराही असू शकेल की! पण उद्या दुसऱ्या कुणी मोजलं आणि उलटं निघालं तर? ती भीत होती, की तिला खोटं लिहिणं जमतच नव्हतं, हे तिचं तिलाच कळेना.

तिने लिहिलं: नमुने ओळखता आले नाहीत. निष्कर्ष देता येत नाही.

सुनावणी चहा निवायच्या आत आटोपली. अधिकाऱ्याने कागद वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, मग मी तरी काय करू? आणखी तारीख आता माझ्या हातात नाही हो." माणूस वाईट नव्हता, त्याचंच जास्त लागलं.

बाहेर रस्त्यावर आत्या तिचा हात घट्ट धरून उभी राहिली. गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या.

"खरं सांग चिंगे. तो गडद आपलाच होता ना?"

आत्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. "हो आत्या," ती म्हणाली. "आपलाच होता. शंभर टक्के."

"मग तिथे का नाही बोललीस?"

आत्याने तिचा हात सोडला, आणि गाड्यांमधून वाट काढत एकटीच रस्ता ओलांडून गेली.