होडीवरची फुली

बेटावर पाऊल ठेवून अर्धा तास झाला नव्हता, तोवर मायक्रॉनसाहेबांनी तीन चुका काढल्या होत्या. धक्क्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी, लॉजचं दार चौकटीत तिरकं आणि खोलीतला आरसा एका अंगाला झुकलेला. एकतीस वर्षं त्यांनी यंत्रांचे सुटे भाग तपासले होते. कारखान्यातली पोरं पाठीमागे त्यांना मायक्रॉन म्हणत. निरोपसमारंभात कुणीतरी ते नाव माइकवरून घेतलं, आणि साहेबांना ते इतकं आवडलं की पुष्पगुच्छाबरोबर तेही घरी घेऊन आले. त्यांच्या टेबलावरून वाईट माल लाल खडूची फुली घेऊन परत जायचा. तो खडू निवृत्तीनंतरही सदऱ्याच्या खिशात असे, मोजपट्टीला चिकटून.

"अहो, सुट्टीला आलोय आपण," बायको म्हणाली. "तुम्ही जरा मान वाकडी करा, आरसा सरळ दिसेल."

लेक, जावई आणि बायको रोज सकाळी होडीनं फिरायला जात. साहेब मागे राहत, सामानावर लक्ष ठेवायला. त्यांना पोहता येत नाही आणि गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचं तोंड कोरडं पडतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नसे, एवढी माया घरात होती.

सामानावर किती वेळ लक्ष ठेवणार? दुसऱ्याच दिवशी ते किनाऱ्यामागच्या गल्लीत शिरले आणि एका छपराखाली अडकले. तिथं एक म्हातारा मिस्त्री होडी बांधत होता. ना नकाशा, ना मोजपट्टी. डोळे मिटून तो फळीवरून तळहात फिरवी, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा, मग रंध्याचा एकच हात मारी. साहेबांनी चष्मा पुसून दोन फळ्यांमधला सांधा पाहिला. नख शिरेना. एकतीस वर्षांत त्यांनी असा सांधा पाहिला नव्हता, आणि त्यांच्याकडे तर यंत्रं होती.

"मिस्त्री, हे शिकलात कुठं?"

"बिघडवून बिघडवून," मिस्त्री म्हणाला. "बसा साहेब. फक्त भुश्शात बसू नका, चावतो."

साहेब दोन दिवस बसले. बायकोला त्यांनी त्या सांध्याचं इतकं कौतुक सांगितलं की ती म्हणाली, "माझ्या हातच्या जेवणाला एवढं कधी म्हणाला नाहीत."

म्हणूनच तिसऱ्या दुपारी त्यांच्या जिवाला जास्त लागलं. मिस्त्री जेवायला गेला होता. होडी पूर्ण झाली होती, दुसऱ्या दिवशीच्या भरतीला पाण्यात जायची होती. साहेबांनी सहज टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली आणि दोन्ही बाजू मोजल्या. डावीकडचं पोट सव्वा इंच जास्त फुगीर. तीनदा मोजलं, तीनदा सव्वा. इतका गुणी माणूस आणि सव्वा इंच! हात आपोआप खिशात गेला. डाव्या अंगावर लाल फुली उमटली, तेव्हा कुठं ते भानावर आले. मिस्त्री आला की नीट समजावून सांगू, मग पुसू, असं ते ठरवताहेत तोच जावई शोधत आला आणि चहाला घेऊन गेला. चहाची पुढे संध्याकाळ झाली.

सकाळी साहेब छपराशी पोचले तेव्हा होडीची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती. मासे धरणारी बाई, जुनी होडी गळायला लागलेली, घरी दोन लेकरं, आणि लेकरांसकटच पाण्यात जाणारी.

"मिस्त्रीकाका, फुली मारलेल्या फळ्या तुम्ही चुलीत घालता, मी बघितलंय," ती म्हणत होती. "मग मला ही कशाला देताय? यात मी पोरं बसवणार नाही."

"फुली माझी नाही गं."

"मग कुणाची? होडीनं स्वतःच मारून घेतली?"

चार माणसं जमली होती. चार महिन्यांचं काम आणि चाळीस वर्षांचं नाव त्या दोन लाल रेघांवर अडकलं होतं. भरतीला फार तर तास होता. साहेब पुढे झाले.

"फुली माझी आहे," ते म्हणाले. "डावी बाजू सव्वा इंच जास्त आहे."

मिस्त्रीनं त्यांच्याकडे बघितलं. रागावला नाही, उलट त्याचे डोळे चमकले. "सव्वाच भरली? बरोबर आहे मग." त्यानं भिंतीला टेकवलेला लांब ओंडका आणि दोन दांड्या पुढे ओढल्या. "ही उलांडी. दांड्यांवर डाव्या अंगाला थोडी लांब बांधली की होडी कलंडत नाही. पण ही पाणी ओढते, आणि होडीला डावीकडे वळवते. डावं पोट फुगीर ठेवलं की ते उजवीकडे ढकलतं. दोघांचं भांडण मिटतं, होडी सरळ जाते. तुम्ही साहेब, उलांडी लावायच्या आधीच निकाल दिलात."

"आणि नाही गेली सरळ तर?" बाईनं विचारलं. फुली तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

हे मिस्त्रीला विचारलेलं होतं, पण उत्तर साहेबांनी दिलं. "आधी मी बसतो. तुम्ही वल्हवा. सरळ नाही गेली तर घेऊ नका."

बायको नुकतीच मागून येऊन पोचली होती. तिनं त्यांचा चष्मा काढून स्वतःजवळ ठेवला.

उलांडी बांधून होडी पाण्यात गेली. साहेबांनी दोन्ही काठ असे धरले की बोटं पांढरी पडली. बाईनं आठ-दहा वेळा जोरात वल्हं मारलं आणि मग ते उचलून मांडीवर आडवं ठेवलं. होडी आपली चालतच राहिली, समोरच्या खडकाच्या रोखानं, जशी काही कुणी दोरी ताणून ठेवली होती. साहेबांनी एक हात सोडला. मग दुसरा.

"चांगली आहे," बाई हळूच म्हणाली. "पोरांना आवडेल."

परत आल्यावर साहेब ओल्या विजारीनं वाकले आणि रुमालानं फुली पुसली. पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत होते.

"पण दीड का नाही? सव्वाच का?"

"ती जाळं उजव्या हातानं फेकते, तेव्हा थोडी उजवीकडे झुकते. मग उलांडी उचलते, तिची ओढ कमी होते. पंधरा दिवस रोज बघितलं तिला. दीड ठेवला असता तर होडी उजवीकडे वळली असती."

शेवटच्या दिवशी साहेब बायकोला घेऊन खडू मिस्त्रीला देऊन टाकायला गेले. मिस्त्रीनं तो घेतला आणि नव्या फळीवर एका झटक्यात डाव्या पोटाचा बाक आखला. "ही म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची. सावकाश जातो तो. याला एक इंच बास."

साहेबांचा हात खिशापाशी गेला आणि तिथंच थांबला.

"मोजा," बायको म्हणाली. "नाहीतर घरी जाईपर्यंत झोप लागायची नाही तुम्हाला."

त्यांनी मोजलं. एक इंच.